तुमच्याकडचा सॅन अँड्रियास नेमका कोणता?

मागच्या अंकात जुन्या गेमबद्दल लिहिताना मी ‘जीटीए: सॅन अँड्रियास’चा जाता जाता उल्लेख केला, आणि त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्यालाच द्यायचं ठरवलं. पत्रं वेगवेगळ्या गावांची, पण बहुतेकांत एक वाक्य सारखं आहे: ‘मॉड टाकला, चालत नाही.’ मॉड म्हणजे चाहत्यांनी केलेली, गेममध्ये बदल करणारी जोडफाइल. कोणता मॉड टाकला ते प्रत्येकाने लिहिलंय. गेम कोणता आहे, म्हणजे कुठून आणि कधी घेतलेला, हे दोघातिघांनीच लिहिलंय. मला आधी तेच हवं असतं.

२००३ साली कराडला आमचं सायबर कॅफे सुरू झालं. बारा मशीन होती, आणि २००५ च्या दिवाळीनंतर त्यातल्या आठांवर संध्याकाळी हाच गेम चालायचा. कॅफे बंद होऊन बरीच वर्षं झाली, आता मी दुरुस्तीचं दुकान चालवते. पण या गेमच्या फाइली मला आजही नावानिशी आठवतात.

*

ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दादाच्या स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या खात्यात २०१२ साली घेतलेला सॅन अँड्रियास आहे, तो डाउनलोड केला. व्हिडिओत दाखवलं तसं क्लिओ हा मॉड चालवणारा प्रोग्राम टाकला, गाडीचा मॉड टाकला. गेम सुरू होतो, पण मॉडचा पत्ता नाही. एक मॉड टाकला तर गेम उघडतानाच बंद पडला. व्हिडिओत मुख्य फाइलीच्या नावात ‘जीटीए’ आणि ‘एसए’च्या मधे अंडरस्कोर आहे, माझ्याकडे डॅश आहे. त्याने काही फरक पडतो का?
— एक विद्यार्थी, इचलकरंजी

फरक पडतो, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या डॅशमध्येच आहे. व्हिडिओतला गेम आणि तुझ्याकडचा गेम एक नाहीत.

हा गेम एडिंबरोच्या रॉकस्टार नॉर्थने केला. प्लेस्टेशन २ वर तो ऑक्टोबर २००४ मध्ये आला, पीसीवर जून २००५ मध्ये. पीसीच्या त्या पहिल्या डीव्हीडीवर होती ती १.० आवृत्ती. लगेचच एका डच मॉडरने गेमच्या पोटात बंद करून ठेवलेला प्रौढांचा प्रसंग उघडून दाखवला. ‘हॉट कॉफी’ म्हणून गाजलं ते हे प्रकरण. जुलै २००५ मध्ये अमेरिकेतल्या मानांकन मंडळाने गेमला थेट ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का मारला आणि तिथल्या मोठ्या दुकानांनी तो फडताळावरून उतरवला. मग १.०१ चा पॅच आला, २.० ची नवी डिस्क आली. त्यांत तो प्रसंग काढलाच, पण गेममध्ये फेरफार करणाऱ्यांची वाटही अवघड करून ठेवली. २००८ मध्ये गेम स्टीमवर आला, त्याला मॉडर ३.० म्हणतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्टीमवरच्या गेमला एक अपडेट आलं. परवाने संपल्यामुळे रेडिओवरची डझनाहून जास्त गाणी त्यात गेली, आणि आधीचे सेव्ह, म्हणजे खेळ जिथे थांबवला तिथल्या नोंदी, चालेनासे झाले. स्टीमवरच्या आजच्या गेमच्या मुख्य फाइलीच्या नावात अंडरस्कोरच्या जागी डॅश असतो. तुझ्या दादाने घेतला तेव्हाचा गेम आज स्टीम तुला देत नाही. खातं तेच, गेमचं नाव तेच, आतली फाइल मात्र दुसरी.

सप्टेंबर २०१९ मध्ये रॉकस्टारने स्वतःचा लाँचर आणला आणि त्यासोबत हा गेम काही दिवस फुकट दिला. अनेकांकडे ती प्रत आहे. तिलाही तुझ्यासारखाच उपाय लागतो.

आता फरक का पडतो ते सांगते, कारण हे एकदा कळलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. कराडच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी कोणत्या फलाटाला लागते हे रोज जाणाऱ्याला पाठ असतं. तो पाटी वाचत नाही, सरळ जाऊन चढतो. उद्या फलाट बदलले तर हाच माणूस भलत्या गावाला पोचेल. क्लिओ आणि ‘एएसआय’ प्रकारचे मॉड तसेच चालतात. मेमरीत अमुक पत्त्यावर पैशांचा आकडा आहे, तमुक पत्त्यावर गाडीचा वेग हाताळणारा कोड आहे, हे त्यांच्यात आकड्यांनी लिहून ठेवलेलं असतं, आणि ते पत्ते बहुधा १.० चे असतात. मुख्य फाइल नव्याने बांधली की सगळं पुढेमागे सरकतं. शहाणा मॉड आवृत्ती तपासतो आणि जुळली नाही तर गप्प बसतो. म्हणून तुला मॉडचा पत्ता लागला नाही. दुसरा न तपासता भलतीकडे लिहितो, आणि गेम कोसळतो. तुझ्याकडे दोन्ही झालं.

उपाय म्हणजे डाउनग्रेडर. हा छोटा प्रोग्राम तुझ्याच फाइलींवर फरकाचं ठिगळ लावून त्यांना १.० वर नेतो. पण त्याआधी दोन कामं कर. गेम ‘प्रोग्राम फाइल्स’च्या बाहेर हलव, डी ड्राइव्हवर साधं फोल्डर केलंस तरी चालेल. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये विंडोज परवानग्या आडव्या घालतं आणि मॉडला स्वतःच्या फाइली लिहू देत नाही. दुसरं, एकही फेरफार करण्याआधी पूर्ण फोल्डरची प्रत काढून ठेव आणि तिला ‘कोरी’ असं नाव दे. त्या प्रतीला पुन्हा हात लावायचा नाही. काही बिघडलं की तिच्यातून नवी प्रत काढायची. आज डिस्कची जागा इतकी स्वस्त आहे की हे न करण्याला काही कारण उरलेलं नाही.

डाउनग्रेड झाल्यावर मुख्य फाइलीवर राइट क्लिक करून आकार बघ. १,४३,८३,६१६ बाइट दिसले की समजायचं जमलं. सॅम्प, म्हणजे या गेमचं मल्टिप्लेअर, खेळणाऱ्यांना हा आकडा पाठ असायचा. काही डाउनग्रेडर ५१,८९,६३२ बाइटची आटोपशीर फाइल देतात, तीही १.० च आहे. मग आधी एएसआय लोडर (‘एएसआय’ मॉड गेममध्ये चढवणारा) टाक, नंतर सायलेंटपॅच (गेममधले जुने दोष दुरुस्त करणारा), नंतर क्लिओ, नंतर मॉडलोडर. प्रत्येकानंतर एकदा गेम चालवून बघ. चारही एकदम टाकून गेम पडला तर दोष कुणाचा ते कळणार नाही. आणि स्टीममधलं ‘फाइली पडताळा’ हे बटण डाउनग्रेड केलेल्या फोल्डरवर कधीही दाबू नकोस. स्टीमला वाटेल फाइली खराब झाल्यात, आणि ते सगळं पुन्हा डॅशवर आणून ठेवेल.

मॉडलोडरबद्दल जरा थांबून सांगते, कारण आमच्या वेळी हे नव्हतं आणि त्याची किंमत मी पाहिली आहे. गेममधल्या गाड्या, माणसं, इमारती ‘जीटीए३’ नावाच्या एका भल्यामोठ्या आयएमजी फाइलीत कोंबलेल्या आहेत. पूर्वी एक गाडी बदलायची तर ती फाइल उघडून जुनं काढायचं, नवं घालायचं, पुन्हा बांधायची. मधेच लाइट गेली की संपलं. कराडला लाइट जायचीच. मॉडलोडरमध्ये प्रत्येक मॉडला स्वतःचं फोल्डर मिळतं. गेमला वाटतं फाइल आतलीच आहे, आणि मूळ फाइलीला धक्काही लागत नाही. नको झाला की फोल्डर उडवायचं.

‘दोनशे मॉडसकट तयार गेम’ अशी एकगठ्ठा फाइल कुणी देत असेल तर घेऊ नकोस. त्यात काय भरलंय ते देणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि ज्यांनी ते मॉड रात्री जागून केले त्यांची नावं त्यात कुठेच नसतात.

*

गेलेली गाणी परत आणता येतील का? मला रेडिओ आधीसारखा हवाय.
— वाचक, ठाणे

जुन्या डीव्हीडीवर ती सगळी आहेत. ती तुमच्याकडे असेल तर गेमच्या ‘ऑडिओ’ फोल्डरमधल्या फाइली तिच्यातून घेता येतात. डीव्हीडी नसेल तर गेममध्येच एक सोय आहे, आणि ती फार कमी जणांना ठाऊक आहे. पीसीच्या गेममध्ये ‘यूजर ट्रॅक प्लेअर’ नावाचं एक जादा रेडिओ स्टेशन आहे. डॉक्युमेंट्समध्ये गेमचं जे ‘यूजर फाइल्स’ फोल्डर तयार होतं, त्यातल्या ‘यूजर ट्रॅक्स’मध्ये तुमच्याकडची एमपी३ गाणी टाका, ऑडिओच्या मेनूत जाऊन स्कॅन करा आणि गाडीत बसा. आमच्या कॅफेत सात नंबरच्या मशीनवर कुणीतरी आख्खा लावण्यांचा संग्रह टाकला होता. गेममधल्या लॉस सँटोस शहराच्या रस्त्यावर ढोलकी वाजायला लागली की बाकीची पोरं खुर्च्या सरकवून तिथे गोळा व्हायची.

*

नवा लॅपटॉप घेतला, विंडोज ११ आहे. स्किमर हे पाण्यावर उतरणारं विमान गेममधून नाहीसंच झालंय. ट्रेनर, म्हणजे गेममध्ये हवं ते मिळवून देणारा चोरवाटेचा प्रोग्राम, वापरून बोलावलं तर माझं पात्र एकदम आकाशात फेकलं गेलं आणि परत खाली आलंच नाही. जुन्या पीसीवर हाच गेम, याच फाइली नीट चालत होत्या. मॉडचा दोष का?
— वाचक, नांदेड

मॉडचा दोष नाही, तुमचाही नाही, आणि खरं तर विंडोजचाही नाही. हा दोष पहिल्या दिवसापासून गेममध्येच बसला होता आणि वीस वर्षं कुणाला दिसला नव्हता. ‘सायलेंट’ या टोपणनावाने काम करणाऱ्या पोलिश मॉडरने, म्हणजे सायलेंटपॅच करणाऱ्यानेच, तो २०२५ मध्ये मुळापर्यंत शोधून काढला. मी ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, इतकं ते मला आवडलं.

गेमच्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये ‘व्हेइकल्स.आयडीई’ नावाची साधी मजकुराची फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात एकेका वाहनाची एकेक ओळ आहे: क्रमांक, नाव, प्रकार, आणि शेवटी पुढच्या-मागच्या चाकांचं माप. ४५९ क्रमांकावर टॉपफन नावाची व्हॅन आहे, तिची ओळ ‘-१, ०.७, ०.७, -१’ अशी संपते. त्याखाली ४६० वर स्किमर आहे, आणि त्याच्या ओळीत हे शेवटचे चार आकडेच नाहीत. आधीच्या ‘व्हाइस सिटी’त स्किमर ‘बोट’ या प्रकारात नोंदलेलं होतं, आणि बोटीला चाकाचं माप लागत नाही. इथे त्याला ‘विमान’ केलं आणि आकडे घालायचे राहून गेले.

मग वीस वर्षं चाललं कसं? शाळेतला फळा डोळ्यांसमोर आणा. बाईंनी एक गणित सोडवलं, फळा पुसला नाही, दुसरं गणित घातलं आणि त्यातला एक आकडा सांगायला विसरल्या. पोरांनी फळ्यावर आधीच्या गणिताचा जो आकडा दिसत होता तोच घेतला. उत्तर बरोबर आलं, कुणाला काही कळलं नाही. गेम असंच करत होता. स्किमरच्या ओळीत माप सापडत नव्हतं, म्हणून मेमरीत त्या जागी आधीच्या ओळीचं जे पडून होतं तेच उचललं जायचं, म्हणजे टॉपफन व्हॅनचं ०.७. विमान व्हॅनची चाकं लावून वीस वर्षं उडत होतं. विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटमध्ये विंडोजने आपल्या एका आतल्या कामाची रीत बदलली, आणि दोन ओळींच्या मधे फळ्याच्या नेमक्या त्या कोपऱ्यात विंडोजचं स्वतःचं काहीतरी लिहिलं जाऊ लागलं. गेमने ते चाकाचं माप समजून घेतलं, त्यावरून विमान जमिनीपासून किती उंच ठेवायचं ते ठरवलं, आणि तुम्हाला तिथे नेऊन सोडलं. सायलेंटने मोजली तेव्हा ती उंची एकावर एकतीस शून्यं एवढी भरली होती.

सायलेंटपॅचच्या नव्या आवृत्तीत ही दुरुस्ती आहे. पण माझं ऐकाल तर एकदा हाताने करून बघा. फाइलीची प्रत काढून ठेवा, नोटपॅडमध्ये उघडा, ४६० ची ओळ शोधा. तिच्या शेवटी स्वल्पविराम देऊन व्हॅनच्या ओळीतले तेच चार आकडे त्याच क्रमाने लिहा, अर्थात इंग्रजी आकड्यांत. सेव्ह करा, गेम चालवा. विमान पाण्यावर शांतपणे तरंगत असेल.

*

इमारती-रस्त्यांची जास्त ठळक चित्रं देणारा एचडी टेक्स्चर पॅक टाकल्यापासून वेगात गाडी चालवली की पुढचा रस्ताच गायब होतो. ग्राफिक कार्ड चांगलं आठ जीबीचं आहे.
— वाचक, जळगाव

कार्ड रिकामं बसून आहे. गेमने रस्ते, घरं, गाड्या डिस्कवरून आणून तात्पुरत्या ठेवायला स्वतःपुरती ५० एमबी जागा राखलेली आहे. ज्या काळात २५६ एमबी रॅमवर गेम चालवायचा होता, त्या काळचा तो हिशोब. तुमच्या पॅकमधल्या दोन-चार इमारतींनीच ती भरते आणि रस्त्याला जागा उरत नाही. मर्यादा वाढवणारे मॉड आहेत, त्यांनी ती ५१२ एमबीपर्यंत न्या. त्याहून फार वर जाऊ नका, कारण गेम ३२ बिटचा आहे आणि एकूण मेमरीच त्याला मोजकी मिळते. आणि फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं काढायची त्यावरची मर्यादा) बंद केला असेल तर चालू करा. फ्रेम फार वाढल्या की या गेममध्ये पोहण्याचा वेगसुद्धा बिघडतो.

*

मी चोवीस वर्षं डीटीपी ऑपरेटर होतो, आता निवृत्त आहे. नातवाला हा गेम खेळताना पाहिलं. खालचे इंग्रजी संवाद त्याला धड कळत नाहीत. मराठीत आणता येतील का? मी युनिकोडमध्ये टाइप करून बघितलं, नुसते चौकोन आणि कचरा दिसतो.
— वाचक, कोल्हापूर

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हे काम आजच्या मुलांपेक्षा तुम्हालाच जास्त जमेल. का ते सांगते.

गेममधला सगळा मजकूर ‘टेक्स्ट’ फोल्डरमधल्या ‘अमेरिकन.जीएक्सटी’ फाइलीत आहे. अक्षरं मात्र तिथे नाहीत. अक्षरं म्हणजे ‘मॉडेल्स’ फोल्डरमधल्या ‘फाँट्स.टीएक्सडी’ फाइलीतलं एक चित्र, त्यात चौकटी आखलेल्या आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर काढलेलं. मजकुरातल्या प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. गेम आकडा वाचतो आणि त्या चौकटीतलं चित्र उचलून डकवतो. युनिकोड, जोडाक्षर, मात्रा यातलं त्याला काहीही कळत नाही. वापरायला चौकटी दोनशेच्या आसपास.

आता तुमचे जुने दिवस आठवा. युनिकोड येण्याआधी श्रीलिपीसारख्या फाँटवर आपण काय करत होतो? हेच. ‘श’ एका कळीवर नव्हता. अर्धा श् वेगळा, काना वेगळा. वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर. रफार वेगळा, रकार वेगळा, क्ष आणि ज्ञ स्वतंत्र. दोनशेएक तुकड्यांतून आख्खी मराठी उभी करायची. तुमच्या बोटांना जे पाठ आहे, तेच या गेमला हवंय. रशियन मॉडरांनी लॅटिन अक्षरं खोडून त्याच चौकटींत आपली अक्षरं काढली होती. पण त्यांना मात्रा नव्हत्या, त्यांचं सोपं होतं.

प्रत्येक अक्षराने किती जागा खायची ते ‘डेटा’ फोल्डरमधल्या ‘फाँट्स.डीएटी’मध्ये आकड्यांत लिहिलेलं असतं. खरी कसोटी तिथे आहे. वरच्या मात्रेला आणि खालच्या उकाराला जागा जवळपास शून्य द्या, आणि मजकुरात त्या अक्षराच्या आधी लिहून बघा, वेलांटीसारख्या. म्हणजे मात्रेचं चित्र पुढच्या अक्षरावर पडेल. पहिल्याच दिवशी सगळा मजकूर हातात घेऊ नका. एकच संवाद घ्या, ज्यात एक वेलांटी, एक मात्रा, एक रफार आणि एक जोडाक्षर येईल. तो पडद्यावर नीट दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. शिरोरेघ अक्षराअक्षरात तुटली तर चित्रातली रेघ दोन्ही बाजूंनी चौकटीच्या कडेपर्यंत ओढा.

मजकुरात मधे मधे दोन नागमोडी रेघेच्या चिन्हांच्या (~) आत एखादं इंग्रजी अक्षर दिसेल. एकाने ओळ तुटते, एकाने रंग बदलतो, एकाने कळीचं नाव येतं. ती चिन्हं जशीच्या तशी ठेवा, नाहीतर गेम पडेल. इंग्रजी चौकटी खोडण्याआधी मूळ चित्र बाजूला ठेवा.

आणि भाषांतर करताना पुस्तकी मराठी घालू नका, काका. त्या गल्लीतली माणसं एकमेकांशी शिव्या देत, मायेने, भांडत बोलतात. नातवाला ते ऐकू आलं पाहिजे. पहिली ओळ दिसली की तिचा फोटो मला पाठवा. मी मनापासून वाट बघतेय.

*

मी लालपरीचं मॉडेल केलंय, जुन्या गेममध्ये ते छान चालतं. तेच डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये टाकता येईल का? आणि चालक उजवीकडे कसा बसवायचा?
— वाचक, बार्शी

तसंच्या तसं टाकता येणार नाही. डेफिनिटिव्ह एडिशन ही याच गेमची नव्याने बांधलेली आवृत्ती. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती आली ती मोबाइल आवृत्तीच्या पायावर, आणि चित्र उभं करायला तिच्यात अनरिअल इंजिन ४ आहे. तुझं मॉडेल रेंडरवेअर या मूळ गेमच्या इंजिनच्या जुन्या ‘डीएफएफ’ साच्यात आहे. नव्या गेमला ‘पॅक’ फाइली लागतात. मूळ मॉडेल थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये जपून ठेवलं असशील तर तिथून नव्याने निर्यात करावी लागेल, आणि चाकं-दारं पुन्हा जुळवावी लागतील. माझं मत विचारशील तर लालपरी जुन्या गेममध्येच राहू दे. नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटनंतर डेफिनिटिव्ह बरी दिसायला लागली हे खरं, पण मॉडची वस्ती अजून जुन्या घरातच आहे. एक लक्षात ठेव. ऑक्टोबर २०२१ मध्ये जुना गेम दुकानांतून उतरवला गेला, म्हणून ज्याच्या खात्यात किंवा कपाटात तो आहे त्याने तो सांभाळावा.

चालकाचं म्हणशील तर गेम त्याला डावीकडेच बसवतो. मॉडेलमध्ये पुढच्या सीटची एकच खूण असते, चालकाची जागा गेम तिच्यावरून उलट बाजूला काढतो. स्टीअरिंगचं चित्र उजवीकडे काढलंस तरी माणूस डावीकडेच बसेल. त्यासाठी वेगळा प्लगइन लागतो. ४३१ नंबरची ‘बस’ बदललीस का ४३७ चा ‘कोच’? मी असते तर ४३१ घेतली असती, ती गावातून फिरते.

*

आईचं घर आवरताना जुनी हार्ड डिस्क निघाली. माझा भाऊ २००६ मध्ये अकरावीत असताना हा गेम खेळायचा. आता तो न्यू जर्सीत असतो, त्यालाही मुलगा झालाय. डिस्कवर ‘जीटीए सॅन अँड्रियास यूजर फाइल्स’ असं फोल्डर आहे. तो जिथे थांबला होता तिथून त्याला पुढे खेळता यावं अशी माझी इच्छा आहे. डीव्हीडीही सापडली, पण लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. जमेल का?
— एक बहीण, पुणे

जमायला हवं. पण घाई करू नका.

सगळ्यात आधी ते पूर्ण फोल्डर दोन ठिकाणी कॉपी करा. जुनी डिस्क कधीही दगा देते. त्यात ‘जीटीएएसएएसएफ’ने सुरू होणाऱ्या, १ ते ८ आकड्यांच्या फाइली दिसतील. प्रत्येक म्हणजे एक सेव्ह. त्यांची तारीख बघा, शेवटची कुठली ते कळेल.

मग आवृत्तीचा प्रश्न. १.० चा सेव्ह २.० मध्ये चालत नाही, आणि स्टीमच्या आजच्या आवृत्तीत २००६ चा सेव्ह उघडणार नाही. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह कुणाकडून तरी आणा, त्या डिस्कवरून गेम टाका आणि मुख्य फाइल तपासा. डिस्क ओळखण्याचं जुनं कुलूप नव्या विंडोजवर बहुधा अडतं, तेव्हा डिस्कवरून गेम सुरू झाला नाही तर घाबरू नका. भावाच्या किंवा ओळखीतल्या कुणाच्या खात्यात गेम असेल तर तो वर सांगितल्याप्रमाणे १.० वर आणा आणि सेव्ह त्यात उघडा.

एक गोष्ट भावाला जरूर विचारा: तेव्हा त्याने मिशनांचा मॉड टाकला होता का? मी हे का विचारते ते सांगते. २००६ च्या पावसाळ्यात मी चार नंबरच्या मशीनवर नवा मॉड टाकला आणि त्याच्याबरोबर ‘मेन.एससीएम’ ही फाइल बदलली. गेमची सगळी मिशनं त्या फाइलीत असतात, आणि सेव्हमध्ये त्याच फाइलीचा हिशोब साठवलेला असतो. अकरावीतला एक मुलगा रोज क्लासनंतर येऊन तीन महिने त्या मशीनवर खेळत होता. शेवटची काही मिशनं राहिली होती. दुसऱ्या दिवशी त्याचा सेव्ह उघडला आणि गेम बंद पडला. मूळ फाइलीची प्रत मी ठेवली नव्हती. डीव्हीडीवरून गेम पुन्हा टाकायला हवा होता, पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी तो सेव्ह खराब झाला म्हणून पुसला. तो काही बोलला नाही, त्या तासाचे दहा रुपये देऊन गेला. मला अजून वाईट वाटतं. म्हणून तुमच्या भावाच्या जुन्या गेमचंही फोल्डर त्या डिस्कवर असेल तर त्याच्या ‘डेटा’मधल्या ‘स्क्रिप्ट’ फोल्डरातली ‘मेन.एससीएम’ जपून ठेवा. सेव्हला कदाचित तीच लागेल.

हे सगळं होईपर्यंत एक काम तुम्ही आज रात्रीच करू शकता, त्याला गेम लागत नाही. त्याच ‘यूजर फाइल्स’मध्ये ‘गॅलरी’ नावाचं फोल्डर आहे. गेममध्ये कॅमेरा मिळतो, आणि खेळणाऱ्याने काढलेले फोटो तिथे साध्या जेपीजी फाइली म्हणून साठतात. कुठल्याही फोनवर उघडतील. तुमच्या भावाने अकरावीत असताना त्या शहरात काय काय बघितलं, कुठे थांबून फोटो काढले, ते तिथे असेल. ‘यूजर ट्रॅक्स’ही उघडून बघा, त्याची तेव्हाची गाणी सापडतील. दोन्ही फोल्डर आधी त्याला पाठवा. सेव्हचं आपण सावकाश बघू. मुख्य फाइलीचा आकार किती बाइट दिसतो ते मला कळवा.